शेपटाच्या बाजूने

डायलिसिसच्या खोलीत सायकलची शर्यत शिरली ती बिघडलेल्या रिमोटमुळे. रिमोटचं मधलं बटण अडकलं, टीव्ही खेळांच्या कुठल्याशा चॅनेलवर जाऊन बसला आणि काही केल्या तिथून हलेना. सिस्टरने रिमोट तळहातावर आपटून पाहिला, बॅटऱ्या उलटसुलट घातल्या आणि शेवटी हात टेकले. म्हणाली, "आज हेच बघा, नाहीतर डोळे मिटून पडा."

खोलीत चार खुर्च्या होत्या. पाय लांब करून आडवं होता येईल अशा, निळ्या रेक्झिनच्या, आणि प्रत्येकीच्या उशाशी एकेक मशीन. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी एक ते पाच, तेच चार जण त्याच चार खुर्च्यांवर. एका हातात दोन सुया. एकीतून रक्त बाहेर जायचं, मशीनमध्ये धुऊन निघायचं आणि दुसरीतून परत अंगात यायचं. तो हात चार तास हलवायचा नाही. अशा वेळी माणूस भिंतीवरच्या पालीकडेसुद्धा कौतुकाने बघतो. इथे तर पावणेदोनशे माणसं रंगीबेरंगी कपडे घालून डोंगरदऱ्यांतून सायकली हाणत होती.

दाराजवळच्या खुर्चीवर कंडक्टरबाई. सत्तावीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडून त्या निवृत्त झाल्या होत्या. आवाज मात्र निवृत्त झाला नव्हता. त्यांच्या शेजारी मिस्त्री, म्हणजे सुतार. उंच, हडकुळा, बोलायला कमी. त्यापलीकडे वकीलसाहेब. ते अजून वकिली करत होते आणि पोटावर फाईल ठेवून मोकळ्या हाताने पेन्सिलीच्या खुणा करत. खिडकीशी एक गृहस्थ होते, ते सुया टोचल्या की चादर डोक्यावरून ओढून घ्यायचे आणि पाच वाजताच उगवायचे. त्यांना सगळे झोपाळू म्हणत. त्यांच्या तोंडावर नाही, कारण तोंड कधी दिसायचंच नाही.

"हे कुठे चाललेत सगळे?" बाईंनी विचारलं.

"तीन आठवडे चालते ही शर्यत," वकीलसाहेब फाईलमधून डोकं न काढता म्हणाले. "रोज एक टप्पा. सगळ्या टप्प्यांच्या वेळेची बेरीज करायची, ज्याची कमी तो जिंकला. आत्ता पुढे असणाऱ्याला निळी जर्सी."

"तुम्हाला बरं माहीत!"

"कॉलेजात असताना पेपरात वाचायचो."

त्यांनी फाईल मिटली. पुढचे तीन आठवडे ती पुन्हा फारशी उघडली नाही.

पहिल्या आठवड्यातच खोलीत तट पडले. वकीलसाहेब निळ्या जर्सीच्या बाजूचे. तो माणूस म्हणे डोक्याने खेळतो, उगाच घाम गाळत नाही, समोरच्याने चूक केली की तेवढीच पकडतो. मिस्त्रींना माणसांपेक्षा सायकली दिसायच्या. अमक्याची बैठक दोन सूत वर हवी, तमक्याचं हँडल खांद्यांच्या मानाने रुंद आहे, असं ते पुटपुटत आणि त्यांनी नावं ठेवलेला गडी खरोखरच दोन दिवसांत मागे पडे. कंडक्टरबाईंना मात्र पहिल्या सोमवारीच सगळ्यांच्या मागे एक लांबलचक गडी दिसला. आदल्या दिवशी तो पडला होता. कोपराला पट्टी, मांडीवर फाटलेली चड्डी, आणि त्याच्या मागे वीस हातांवर एक पांढरी गाडी गोगलगायीसारखी येत होती.

"ती गाडी कशाला त्याच्या पाठी लागलीय?"

"दमलेल्यांना गोळा करायला," वकीलसाहेब म्हणाले. "झाडूगाडी. सायकल टाकायची, आत बसायचं, खेळ खलास. आणि नाही बसला तरी मुदत असतेच. पहिला आल्यापासून ठरावीक मिनिटांत पोचायचं. नाही पोचलं तर दुसऱ्या दिवशी सुट्टी. कायमची."

"त्याचं काम काय पण?"

"पाणी आणायचं. मागच्या मोटारीतून बाटल्या घ्यायच्या, अंगरख्यात कोंबायच्या आणि पुढे नेऊन आपल्या म्होरक्याला द्यायच्या. शर्यतीच्या दृष्टीने म्हणाल तर शेपूट आहे ते."

"मग मी शेपटाच्या बाजूने," बाई म्हणाल्या.

वकीलसाहेब हसले. "अहो, त्याच्या बाजूने होऊन करणार काय? तो जिंकायचा नाही."

"जिंकणाऱ्याला तुम्ही आहात की. मी बसमध्ये असताना पळत येणारा माणूस दिसत असला तर घंटी मारत नव्हते. त्यापायी दोन मेमो घेतलेत. ड्रायव्हर ओरडायचा, टाइम होतोय, टाइम होतोय. मी म्हणायचे, त्याचा पण टाइम होतोय, म्हणूनच पळतोय ना?"

"नियम कडक वाटतो, पण मुदतच नसेल तर ती शर्यत राहत नाही, बाई. मिरवणूक होते."

"होऊ दे. मिरवणुकीत मागच्याला कुणी घरी पाठवत नाही."

असं रोज. निळ्या जर्सीने प्रतिस्पर्ध्याची साखळी निसटलेली असताना जोर काढला, ते बरोबर की चूक, यावर एक अख्खी दुपार गेली. वकीलसाहेब म्हणाले, रस्ता सगळ्यांना सारखा. मिस्त्री म्हणाले, साखळी निसटली म्हणजे बसवणाऱ्याने कामचुकारपणा केला. बाई म्हणाल्या, थांबायला हवं होतं, आणि इतक्या जोरात म्हणाल्या की सिस्टरने येऊन त्यांचं ब्लडप्रेशर मोजलं.

"बाई, एकशे सत्तर."

"माझं नाही ते. वकीलसाहेबांचं माझ्यात आलंय."

मधल्या दिवशी, मंगळवार-गुरुवार-शनिवारी, दुसरे चार जण त्याच खुर्च्यांवर असायचे. त्यांची कधी भेट व्हायची नाही. पण त्यांनाही शर्यत लागली होती, कारण रिमोट त्यांच्यासाठीही तसाच बिघडलेला होता. एका बुधवारी रिमोटला चिकटपट्टीने लावलेली चिठ्ठी सापडली : 'मंगळवारी शेपूट मुदतीच्या चार मिनिटं आधी आलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. एकाच हाताने, मांडीवर.' बाईंनी ती चिठ्ठी चष्म्याच्या डबीत ठेवली आणि उत्तर लिहिलं : 'निळी जर्सी कशी गेली ते लिहीत जाऊ नका, वकीलसाहेब चढून बसतात.'

बाईंच्या घरी मुलगा आणि सूनबाई. सूनबाई त्यांना स्कूटरवर सोडायची आणि न्यायची. पूर्वी त्या स्कूटरवरून उतरताना तोंड पाडून उतरायच्या. आता म्हणायच्या, "चल लवकर, आज डोंगर आहे." सूनबाईने नवऱ्याला सांगितलं, आईंना मशीन मानवलंय. मुलगा म्हणाला, मशीन नाही, भांडण मानवलंय.

तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी एक गोष्ट घडली आणि ती खुर्च्यांवरच्या चौघांना कुणी सांगितली नाही.

त्या दिवशी मिस्त्रींच्या पोटरीत गोळे आले. साधे नव्हेत, पायाची बोटं वळून तळव्याला लागली. एवढा अबोल माणूस, पण "आई गं" म्हणून असा ओरडला की झोपाळूंची चादर हलली. सिस्टर धावत आली, पाय दाबून धरला, मशीनवर काहीतरी खालीवर केलं. मिस्त्रींच्या कपाळावर घाम, ओठ पांढरे. ते सावरले, पण घरी जाताना भिंत धरून गेले. स्वतः बाईंनाही डोकं हलकं झाल्यासारखं वाटलं. आणि स्कूटरपाशी आल्यावर त्यांनी सवयीने घड्याळ पाहिलं. सत्तावीस वर्षं त्या घड्याळावर जगल्या होत्या. पाच वाजायला दहा मिनिटं होती.

"तू लवकर आलीस?" त्यांनी सूनबाईला विचारलं.

"नाही, फोन आला होता. साडेचारला सुटणार म्हणून."

बाई वाटभर हिशेब करत बसल्या. सुई एकला टोचली. पाचला निघायला हवी. आपल्या अंगातलं अडीच-तीन लिटर पाणी चार तासांत निघतं ते साडेतीन तासांत ओढून काढलं. मग गोळे येणार नाहीत तर काय होणार?

घरी त्यांनी मुलाला सांगितलं. मुलगा बँकेत कामाला, सगळ्यांशी गोडीने राहणारा. तो म्हणाला, "आई, अर्ध्या तासाने काय होतं? वाट बघणारे पेशंट खूप आहेत म्हणे. आणि तुला तिथेच जायचंय, आठवड्यातून तीनदा, आयुष्यभर. सुया त्यांच्या हातात आहेत. भांडून ठेवू नकोस."

"मी भांडत नाही. विचारणार आहे."

"तुझं विचारणं मला माहितीये."

सूनबाई भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "अर्धा तास म्हणजे आठवड्याला दीड तास झाला." मुलाने तिच्याकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं आणि त्यांना एकदम बरं वाटलं.

बुधवार उजाडला तो शर्यतीतल्या सगळ्यात मोठ्या टप्प्याचा. तीन घाट, शेवटचा सगळ्यात उभा, वर ढग. वकीलसाहेब नवा शर्ट घालून आले होते. शेपूट एकूण यादीत सगळ्यात शेवटचं, पण अजून जिवंत.

सिस्टर सुया टोचायला आली तेव्हा बाईंनी हळूच विचारलं, "किती लावलंस?"

"साडेतीन," सिस्टर सुईकडे बघत म्हणाली.

"माझ्या कागदावर किती आहे?"

"चार. पण वरून आलंय, बाई. नवीन मॅनेजर. चौथी पाळी बसवायचीय. मला काही विचारू नका, मला नोकरी करायचीय."

"तुला नाही विचारत. तू तुझं काम कर."

त्या इतकं गोड बोलल्या की सिस्टरला भीतीच वाटली.

तीन वाजेपर्यंत शर्यतीने दोन घाट ओलांडले. निळी जर्सी पुढच्या दहांत, शांत, चेहऱ्यावर सुरकुती नाही. शेपटाला मात्र पहिल्याच चढावर सगळ्यांनी सोडलं होतं. कॅमेरा अधूनमधून त्याच्याकडे जायचा, जसा लग्नात कोपऱ्यातल्या नातेवाइकाकडे जातो तसा, आणि लगेच परत फिरायचा. झाडूगाडी त्याच्या पाठीशी. एकदा गाडीतला माणूस खिडकीतून डोकं काढून काहीतरी म्हणाला. शेपटाने वळूनही पाहिलं नाही.

"बसत नाही बघा!" बाई ओरडल्या.

"बसेल," वकीलसाहेब म्हणाले. "अजून सगळ्यात मोठा घाट बाकी आहे. गणित करा. त्याला पन्नास मिनिटं तरी जास्त लागणार आणि मुदत असेल चाळीसच्या आसपास."

"गणित तुमचं. पाय त्याचे."

मिस्त्री म्हणाले, "सायकल चांगली ठेवलीय त्याने. आवाज येत नाहीये." टीव्हीतून सायकलीचा आवाज यायचाच नाही, पण कुणी त्यांना हटकलं नाही.

साडेचारला बाईंचं मशीन वाजलं. वेळ संपली की वाजतं तसं, टीं टीं टीं. पडद्यावर निळी जर्सी शेवटच्या घाटाला लागली होती. सिस्टर ट्रे घेऊन आली. बाईंनी मोकळा हात सुयांच्या हातावर आडवा ठेवला.

"हात लावायचा नाही."

"बाई..."

"माझे चार तास व्हायचेत. पाचला काढ."

सिस्टर दोन मिनिटं उभी राहिली, मग मॅनेजरला बोलवायला गेली. तोपर्यंत मिस्त्रींचंही मशीन वाजायला लागलं. मिस्त्रींनी बाईंकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता त्यांनीही हात आडवा ठेवला.

मॅनेजर तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बोलणं मधात बुडवलेलं. "काय झालं, मावशी? काही त्रास होतोय का?"

"मी तुमची मावशी नाही. कंडक्टरबाई म्हणा. त्रास काही नाही. चार तास लिहिलेत, चार तास घेणार."

"बघा, साडेतीन तासांतही व्यवस्थित होतं. आणि बाहेर किती लोक वाट बघतायत माहितीये? अकरा जण. त्यांनाही आजारच आहे ना? थोडं ॲडजस्ट केलं तर अजून चार जणांची सोय होते."

हे शब्द बाईंना लागले. खरं होतं ते. पहिल्यांदा आपल्याला जागा मिळेना तेव्हाचे दोन महिने त्या विसरल्या नव्हत्या. पायावर बोट दाबलं की खड्डा राहायचा. त्या क्षणभर थांबल्या. मॅनेजरला वाटलं, जमलं. तो खिडकीशी गेला. तिथलं मशीनही आता वाजत होतं आणि हे गिऱ्हाईक त्याला सगळ्यांत सोपं दिसलं. त्याने चादरीला हात लावला. "काका, तुमचं झालं. उठा."

"मी झोपलोय," चादरीतून आवाज आला.

मिस्त्री फसकन हसले आणि बाईंचा आवाज परत आला. "अहो साहेब, बसमध्ये माणसं जास्त झाली तर दुसरी बस सोडतात. आत बसलेल्यांना एक स्टॉप आधी उतरवत नाहीत. अकरा जण वाट बघतायत ना? मग त्यांच्यासाठी मशीन मागा, मी पहिली सही करते. चला, आत्ता करते, डावा हात मोकळा आहे. पण माझ्या अंगातला अर्धा तास कापून त्यांना देऊ नका. उद्या त्यांचाही अर्धा कापाल. मग तीन तासांची पाळी, मग अडीच. सोमवारी या माणसाच्या पोटरीत काय झालं ते तुम्ही पाहिलंत? नाही पाहिलंत. तुम्ही वर होतात."

मॅनेजरने टीव्हीकडे पाहिलं. त्याला वाटलं आपल्याला दुखरी नस सापडली. "खरं सांगू का? तुम्हाला शर्यत संपेपर्यंत बसायचंय. सगळा स्टाफ बोलतो. हा दवाखाना आहे, क्लब नाही."

टीव्हीवर नेमका तेव्हाच कॅमेरा मागे गेला होता. ढगात एक लांबलचक आकृती, उभी राहून पॅडल मारणारी, डावी-उजवीकडे हेलकावणारी. मागे गाडीचे दोन दिवे. बाईंनी त्याला डोळे भरून पाहून घेतलं.

"बंद करा टीव्ही," त्या म्हणाल्या.

"काय?"

"बंद करा. रिमोट चालत नाही, बटण भिंतीवर आहे."

मॅनेजरने बटण दाबलं. पडदा काळा झाला. मशीनच्या टीं टीं शिवाय आवाज नाही.

"आता?" तो म्हणाला.

"आता पाच वाजायला वीस मिनिटं आहेत," बाई म्हणाल्या.

त्यावर वकीलसाहेबांनी घसा खाकरला. बाईंना वाटलं, आता हा माणूस नियम सांगणार. त्याने सांगितलाच. "मॅनेजरसाहेब, तीन आठवडे मी या बाईंशी वाद घालतोय की नियम म्हणजे नियम. मुदत म्हणजे मुदत. तेच तुम्हाला सांगतो. डॉक्टरांच्या सहीने माझ्या कागदावर चार तास लिहिलेत. तो बदलायचा अधिकार डॉक्टरांना आहे, तुम्हाला नाही. त्यांची नवीन सही असेल तर दाखवा, मी आत्ता उठतो. नसेल तर सोमवारपासून सहीशिवाय उपचार कमी केला, हे मला आजच्या तारखेसह लिहून द्या. माझ्याकडे पेन्सिल आहे."

मॅनेजरचा चेहरा उतरला. तो "मी डॉक्टरांना फोन करतो" म्हणून दाराकडे वळला. तो पाठमोरा झाला तशी सिस्टर पुढे आली. अर्धा तास वाढवायला मशीनवर दोनच बटणं दाबावी लागतात. तिने बाईंच्या मशीनवर दाबली, मिस्त्रींच्या, वकिलांच्या, चादरीच्या. टीं टीं थांबलं. मॅनेजर दारातून वळून बघतो तर ती सरळ त्याच्याकडे बघत होती.

"कागदाप्रमाणे लावलंय, सर," ती म्हणाली.

तो गेला. कुणी टीव्ही पुन्हा लावा म्हणालं नाही. सिस्टरने बटणाकडे हात नेला तर बाईंनीच मानेने नको म्हटलं. काळ्या पडद्यासमोर चौघं पडून राहिली. लाल नळ्या, गरगरणारी चाकं, चार चादरी.

"कुठे असेल हो आता?" थोड्या वेळाने मिस्त्रींनी विचारलं.

वकीलसाहेब छताकडे बघत बोलू लागले. आधी सावकाश, कोर्टात साक्षीदाराला बोलतं करतात तसे. "शेवटचे सहा किलोमीटर. रस्ता ओला आहे. लोक दोन्ही बाजूंना उभे आहेत, पण बरेचसे पांगलेत, कारण त्यांना वाटतंय सगळे येऊन गेले. आणि धुक्यातून हा येतो. गाडीतला माणूस पुन्हा खिडकी खाली करतो. म्हणतो, बस रे बाबा, कशाला हाल करून घेतोस. हा काय करतो?"

"शिवी देतो," बाई म्हणाल्या.

"शिवी देतो. सौम्य. आणि गिअर बदलतो."

"या चढाला बदलून उपयोग नाही," मिस्त्री म्हणाले. "सगळ्यात हलका आधीच लावला असणार."

"हरकत मान्य. तर तो त्याच गिअरवर आहे. पाच किलोमीटर. चार. पोटऱ्यांत गोळे येतायत."

"दाबून धरा म्हणावं," चादरीतून आवाज आला.

मुदतीला तीस सेकंद असताना वकीलसाहेबांनी शेपटाला रेषेवर आणलं. त्यांचा आवाज चढला होता, मानेच्या शिरा फुगल्या होत्या, पोटावरची फाईल खाली पडली होती. ज्या माणसाला त्यांनी पहिल्या दिवशी हसण्यावारी नेलं होतं, त्याच्यासाठी ते एका हाताने मांडी बडवत होते. सिस्टरने त्यांचं प्रेशर मोजलं नाही. पाच वाजून गेले होते. तिने एकेकाच्या सुया काढल्या, कापूस दाबून धरायला लावला आणि त्या दिवशी मिस्त्री भिंत न धरता चालत गेले.

खऱ्या शर्यतीत तसं झालं नव्हतं. शुक्रवारी रिमोटला चिठ्ठी होती : 'शेपूट एक मिनिट चाळीस सेकंदांनी हुकलं. बाद केलं. पण गाडीत बसलं नाही, सायकलवरूनच रेषा ओलांडली. आम्हाला सिस्टरकडून कळलं तुमचं. गुरुवारी आम्हीही चार तासांआधी हात दिला नाही.' बाईंनी ती मोठ्याने वाचली. पहिल्या ओळीला त्यांचा आवाज बसला, शेवटच्या ओळीला परत चढला.

"एक मिनिट चाळीस," वकीलसाहेब हताश होऊन म्हणाले. "एवढ्यासाठी बाद? काहीतरी तारतम्य हवं की नाही?"

"नियम म्हणजे नियम ना?" मिस्त्री म्हणाले.

"अपील करायला हवं होतं त्याने," वकीलसाहेब फणकारले.

डॉक्टर गुरुवारी स्वतः आले होते. चार तास कायम राहिले. औषधांची खोकी भरलेली मागची खोली मोकळी करून तिथे दोन मशीन बसवायचं ठरलं. कधी, ते कुणी सांगितलं नाही, तेव्हा बाईंनी मशीनच्या मागणीचा अर्ज लिहायला घेतला आणि वकीलसाहेबांनी त्यातल्या शिव्या काढून कलमं घातली. अकराजणांच्या घरच्यांच्याही सह्या घ्यायचं ठरलं. मॅनेजरने हार पूर्णपणे मानली असं मात्र नाही. शुक्रवारी संध्याकाळी टीव्ही भिंतीवरून निघाला आणि बाहेर स्वागतकक्षात गेला. भिंतीवर चार भोकं आणि एक पांढरा चौकोन राहिला. "रुग्णांच्या विश्रांतीसाठी" असा कागद त्याने दाराला लावला.

शेवटचा टप्पा रविवारी होता. बाईंनी शुक्रवारीच सगळ्यांना पत्ता दिला. "माझ्या घरी या. चार वाजता. पाणी आपापलं मोजून प्या, माझ्यावर बिल फाडू नका."

रविवारी दाराची बेल वाजली आणि बाईंनी दार उघडलं तर समोर एक बुटका, टापटीप माणूस. त्यांनी क्षणभर ओळखलंच नाही. सहा महिने एकाच खोलीत पडून काढले, पण वकीलसाहेबांना उभं असं त्यांनी नीट पाहिलंच नव्हतं. "तुम्ही एवढेच?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"आडवा झालो की वाढतो," वकीलसाहेब म्हणाले आणि चपला काढून आत आले.

मिस्त्रींना दारात वाकावं लागलं. येताच त्यांनी दाराची कडी दोनदा वर-खाली केली आणि खिशातून पेचकस काढून तिचा ढिला स्क्रू पिळला. सिस्टर साध्या कपड्यांत आली, सुट्टीच्या दिवशी, आणि कुणाचंही प्रेशर विचारणार नाही असं आधीच बजावून बसली. झोपाळूंबरोबर त्यांची बायको होती. गोल, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस निघाला तो. बायको म्हणाली, "यांना घरी अजिबात झोप नाही हो. रात्रभर येरझारा."

सूनबाईने अर्धा-अर्धा कप चहा आणला. मुलगा दाराशी हाताची घडी घालून उभा होता. "तुझ्या आईने काय केलं ते माहीत आहे का तुला?" वकीलसाहेबांनी त्याला विचारलं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "मी नको म्हणालो होतो." मग "बरं झालं ऐकलं नाही," असं म्हणाला आणि स्टूल ओढून मिस्त्रींशेजारी बसला. "यात आपला कोण आहे?"

यावर एकदम पाच जण बोलायला लागले. निळी जर्सी शहरातल्या गुळगुळीत रस्त्यावरून मिरवत होती. तिची जागा आता कुणी घेऊ शकत नव्हतं. वकीलसाहेब छाती काढून बसले. साखळीचा वाद सिस्टरने नव्याने काढला. थांबायला हवं होतं, ती म्हणाली, आणि तिला दोन मतं नव्याने मिळाली, सूनबाईचं आणि झोपाळूंच्या बायकोचं. मिस्त्री साखळी बसवणाऱ्याला सोडायला तयार नव्हते. आवाज इतका झाला की वरच्या मजल्यावरून कुणीतरी काठी आपटली. बाईंनी वर बघून हात जोडले आणि पुन्हा वादात पडल्या.

पहिला गठ्ठा रेषा ओलांडून गेला. मग व्यासपीठ, फुलं, बक्षिसं, निळी जर्सी हात उंचावून. वकीलसाहेब समाधानाने उठले, गुडघे चोळत म्हणाले, "झालं. चला, निघू या." मुलाने रिमोट उचलला; घरचा रिमोट चांगला चालत होता.

पण पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, व्यासपीठाच्या मागे, रस्ता अजून दिसत होता. त्यावरून एकेक, दोन-दोन गडी येत होते. कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. बाई पुढे सरकून, चष्मा नाकावर ढकलून त्या कोपऱ्यात बघत होत्या. त्यांनी मुलाच्या मनगटावर हात ठेवला आणि वकीलसाहेबांना खुर्ची दाखवली.

"बसा हो," त्या म्हणाल्या. "अजून माणसं यायचीत."